सुईत दोरा ओवता येतो, मग थेंब कशाला?

पत्र थोडक्यात असं: कोपरखैरण्याच्या एका वाचक ताई. वय ५८, घरी ब्लाउज शिवायचं काम, बरीच वर्षं दम्याचा पंप. आठ महिन्यांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेल्या तेव्हा डोळ्यांचं प्रेशर उजवीकडे २८ आणि डावीकडे २४ निघालं. पुढच्या तपासण्यांत ‘ओपन अँगल’ काचबिंदू असल्याचं कळलं. रोज रात्री लॅटॅनोप्रॉस्टचा थेंब सुरू झाला आणि प्रेशर १९ आणि १८ वर आलं. पण डोळे लाल राहतात आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री थेंब राहूनच जातो. दीड महिन्यापूर्वी ठाण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी बाटली बदलून दिली, तिच्यात लॅटॅनोप्रॉस्टच्या जोडीला टिमोलॉल आहे. वाशीचे डॉक्टर लेझर करा म्हणतात. ठाण्याचे म्हणतात, मोतीबिंदूची सुरुवात आहेच, दोन्ही ऑपरेशनं एकदम उरकून घ्या. मुलगाही त्याच मताचा. गावाकडच्या थोरल्या भावाची नजर मात्र काचबिंदूच्या ऑपरेशननंतर गेली, म्हणून ताईंना धास्ती आहे. त्या विचारतात, “मला अजून बारीक सुईत दोरा ओवता येतो. दिसतंय सगळं. मग थेंब बंद केले तर काय बिघडेल? आणि करायचंच तर एकदाच काय ते कोणतं करू?” पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: “हल्ली स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, वय झालं असेल.”

ताई, सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करू, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे नाही.

टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायची बारीक नळी असते, तिच्यातून तो नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. गोळीसारखा यकृतातून गाळून जात नाही, म्हणून एवढासा थेंबही छातीपर्यंत पोचतो. दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जातात आणि नाडीही मंदावते. दम्याच्या रुग्णाला टिमोलॉल द्यायचं नसतं, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. पण पंपाचं तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? डोळ्यांच्या दवाखान्यात दम्याचं काय सांगायचं, असं बहुतेकांना वाटतं.

तेव्हा त्या बाटलीचा पुढचा थेंब घालू नका आणि त्याच दिवशी फोन करून तीन गोष्टी सांगा: दमा आहे, पंप चालू आहे, बाटली बदलल्यापासून धाप लागते. टिमोलॉलशिवायचं औषध लिहून मागा. तोपर्यंत आधीचं नुसतं लॅटॅनोप्रॉस्ट चालू ठेवायचं का, तेही त्याच फोनवर विचारा. सगळंच बंद करून बसू नका. बसल्या जागीही धाप लागत असेल, छाती घरघरत असेल किंवा पंपाने उतार पडत नसेल तर फोनची वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठा. आणि इतर वाचकांसाठी: दमा, जुनाट खोकल्याचा सीओपीडी, मंद नाडी किंवा ‘हार्ट ब्लॉक’ (म्हणजे रक्तवाहिनीतला नव्हे, हृदयाच्या ठोक्यांच्या संदेशातला अडथळा) असेल तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. दोन औषधांच्या एकत्र बाटल्यांत टिमोलॉल फार वेळा असतं, मग जोडीला ब्रिमोनिडिन असो, डॉर्झोलामाइड असो की लॅटॅनोप्रॉस्ट.

आता सुईचं. सुईत दोरा ओवायला लागते ती डोळ्याची मधोमधची नजर. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताही तेवढीच तपासतो. काचबिंदू मधली नजर अगदी शेवटपर्यंत सोडतो आणि कडेकडेने, ठिपक्याठिपक्याने नजर खातो. प्रेशरने इजा होते ती डोळ्यामागच्या नसेला. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले बरेच गेले तरी काळा डाग दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग ओढून भोक बुजवून टाकतो. तुम्हीच कापडाला रफू करता तेव्हा लांबून कळतं का कुठे फाटलं होतं? म्हणून लक्षणं भलतीच वाटतात: कडेला ठेवलेली कात्री हाताला लागत नाही, वाशी स्टेशनच्या गर्दीत बाजूने आलेला माणूस अंगावर आपटतो, जिन्याची शेवटची पायरी चुकते. दक्षिण भारतात गावोगाव झालेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तो असल्याची कल्पनाच नव्हती. त्यांनाही दिसतच होतं.

फील्ड टेस्ट म्हणजे यंत्रात बारीक दिवे दाखवून, दिसला की बटण दाबायला लावून, कडेपर्यंतची नजर मोजायची तपासणी. तुम्ही पाठवलेल्या तिच्या कागदावर ‘एमडी’ हा आकडा, म्हणजे वयाच्या मानाने नजर एकूण किती घटली ते, उजव्या डोळ्याचा उणे ७.२ आहे आणि डाव्याचा उणे २.८. ढोबळ मोजमाप असं की उणे ६ पर्यंत सौम्य, ६ ते १२ मध्यम आणि १२ च्या पुढे गंभीर. म्हणजे डावा डोळा सुरुवातीच्या टप्प्यावर आहे आणि उजवा मध्यम टप्प्यात शिरलाय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या कागदात आहे. थेंब बंद केले तर काही आठवड्यांत प्रेशर पुन्हा पहिल्या जागी जाईल, तुम्हाला काहीही जाणवणार नाही, सुईत दोराही जाईल, आणि उणे ७ चे उणे १२ होतील. गेलेली नस कोणत्याही उपचाराने परत येत नाही. काचबिंदूचा उपचार जास्त दिसावं म्हणून नसतोच. आज दिसतंय तेवढं ऐंशीव्या वर्षीही दिसावं, म्हणून असतो. थेंबांनी ‘फरक’ पडत नाही अशी तुमची तक्रार आहे. फरक न पडणं हेच त्यांचं काम.

मग कोणता उपचार? त्यासाठी डोळ्यातल्या पाण्याची व्यवस्था डोळ्यासमोर आणा. बुबुळाच्या मागे एक नळ अखंड चालू असतो, दर मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी सोडणारा. (डोळ्याबाहेर येणारे अश्रू वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही.) हे पाणी पुढे येऊन पारदर्शक पडदा आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून रक्तात निघून जातं. हा कोपरा म्हणजेच ‘अँगल’. तुमच्या डोळ्यात मोरी उघडी आहे, पण जाळीत कचरा साचून पाणी हळूहळू उतरतंय. दुसऱ्या प्रकारच्या, बंद कोनाच्या काचबिंदूत जाळीवर बादलीच ठेवलेली असते. दोन्हीकडे पाणी तुंबतं, पण उपाय अगदी वेगळे. आपल्याकडे बंद कोनाचे रुग्णही बरेच असतात, म्हणून गोनिओस्कोपी झालीच पाहिजे: डोळ्यावर आरसा बसवलेली भिंग टेकवून कोपरा प्रत्यक्ष बघायची तपासणी. तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या कागदांवर तिचा उल्लेख मला फक्त एकावर दिसला. दुसऱ्यांना विचारा.

जाळी तुंबायला वय आणि आनुवंशिकता ही मोठी कारणं. तुमच्या बाबतीत तिसरंही पडताळून बघायला हवं: पंपातलं स्टिरॉइड. पंपाने प्रेशर वाढण्याचा धोका डोळ्यात घालायच्या स्टिरॉइड थेंबांपेक्षा पुष्कळ कमी, पण काहींचं वाढतं. पंप मनाने बंद करायचा नाही, फक्त त्याचं नाव आणि डोस डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यायचा. खरा गुन्हेगार वेगळाच असतो, डोळे लाल झाले की केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली थेंबांची बाटली. तिच्यात स्टिरॉइड असेल तर दोन-तीन आठवड्यांत प्रेशर चढू शकतं. तुमचे डोळे आत्ता लाल आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

‘लेझर की ऑपरेशन’ याच्या आधी विचारायचा प्रश्न एकच आहे: “माझं टार्गेट प्रेशर किती?” २१ च्या खाली म्हणजे नॉर्मल, हे वाक्य काचबिंदू झालेल्या डोळ्याला लागू होत नाही. नसेचं जेवढं नुकसान झालेलं, तेवढं प्रेशर खाली ठेवावं लागतं. सुरुवातीला मूळ आकड्यापेक्षा २५-३० टक्के खाली, नुकसान जास्त असेल तर आणखी. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं की प्रेशर एका आकड्याने उतरलं की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे १९ आणि १६ मधला फरक कागदावर किरकोळ, नसेसाठी मोठा. त्यात तुमच्या पारदर्शक पडद्याची जाडी ५०५ मायक्रॉन लिहिली आहे. सर्वसाधारण जाडी ५४० च्या आसपास असते, आणि पातळ पडद्यावर यंत्र खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतं. तुमचे १९ बहुधा १९ नाहीत, थोडे वरच आहेत. हे सगळं धरता उजव्या डोळ्यासाठी १४ ते १६ आणि डाव्यासाठी १७-१८ च्या आत असा आकडा डॉक्टर सांगतील, असा माझा अंदाज. अंदाजच. आकडा त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्या. तो लिहिला की ‘कोणतं मोठं, कोणतं छोटं’ हा वाद आपोआप मिटतो. जे तिथपर्यंत नेईल आणि तुमच्याच्याने निभेल, ते बरोबर.

थेंबांचं आधी बघू, कारण लेझर केलं तरी काही वर्षांनी ते पुन्हा लागू शकतात. लॅटॅनोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमाटोप्रॉस्ट हे एका घराण्याचे. पाणी जाण्याची दुसरी, आडबाजूची वाट ते मोकळी करतात आणि प्रेशर २५ ते ३३ टक्क्यांनी उतरवतात, तेही दिवसाला एका थेंबात. त्रास म्हणजे लाली, पापण्यांचे केस लांब होणं, पापणीची कातडी काळवंडणं, फार वर्षांनी डोळे किंचित खोल जाणं. ब्रिमोनिडिन आणि डॉर्झोलामाइड-ब्रिंझोलामाइड नळ बारीक करतात. पहिल्याने काहींना महिन्यांनंतर ॲलर्जी येते आणि झोपाळलेपण वाटतं. दुसऱ्याने डोळा चुरचुरतो, तोंड कडू होतं, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. रिपासुडिल आणि नेटारसुडिल ही त्यामानाने नवी औषधं थेट जाळीवर काम करतात, पण लाली बरीच आणतात, तेव्हा तुमच्यासाठी पहिली पसंती नव्हे. टिमोलॉल वगळूनही एवढे पर्याय उरतात.

तुमची लाली लॅटॅनोप्रॉस्टची असू शकते, पण अनेकदा ती बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे औषध टिकवायला घातलेल्या रसायनाची असते, बेंझाल्कोनियम क्लोराइडची. त्यात दिवसभर सुईवर नजर रोखून पापण्या कमी मिटल्या जातात आणि डोळे कोरडे पडतात. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ बाटली मिळते, जरा महाग पडते. महिनाभर ती वापरून लाली उतरते का, एवढा प्रयोग डॉक्टरांना विचारून करण्यासारखा आहे.

थेंब घालण्यातच निम्मं औषध वाया जातं, म्हणून हे नीट वाचा. हात धुऊन पलंगावर आडव्या व्हा. खालची पापणी बोटाने ओढली की एक खळगा तयार होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना टेकता कामा नये, टेकलं की जंतू आत. खळग्यात साधारण ३० मायक्रोलिटर मावतं आणि थेंबच तेवढा किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे दुसरा थेंब गालावरच जातो. मग डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं पडून राहा. याने नाकाची वाट बंद होते. औषध डोळ्यात मुरतं, अंगात कमी जातं. उरलेलं कापसाने लगेच टिपा, म्हणजे पापणी काळवंडत नाही. दोन वेगळ्या बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

विसरण्यावर उपाय म्हणजे थेंब एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधायचा. रात्री दुधाला विरजण लावता ना? बाटली फ्रिजच्या दारात, विरजणाच्या वाटीशेजारी ठेवा. न उघडलेलं लॅटॅनोप्रॉस्ट बहुतेक कंपन्यांचं फ्रिजमध्येच ठेवायचं असतं. उघडल्यावर ते २५ अंशांपर्यंत सहा आठवडे टिकतं, पण नवी मुंबईतल्या खोलीत मे महिन्यात २५ अंश कुठले? फ्रीजरमध्ये मात्र नको. थंड थेंबाचा एक फायदा असा की तो डोळ्यात पडला की गालावर ओघळला, हे लगेच कळतं. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर पेनने लिहा आणि दर महिन्याच्या एक तारखेला नवी काढा. दोन डोळ्यांना महिन्याला साठ थेंब लागतात. बाटली वीस दिवसांतच संपत असेल तर थेंब बाहेर पडताहेत, आणि दोन महिने पुरत असेल तर रात्री चुकताहेत. चुकलेल्या रात्रीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा घालू नका. हे औषध दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. रात्र जमतच नसेल तर डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ धरा.

आता लेझर, कारण माझा कल वाशीच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. हे एसएलटी लेझर, त्या तुंबलेल्या जाळीवर करायचं. बंद कोनाच्या काचबिंदूत बुबुळाला बारीक भोक पाडतात ते वेगळं, आणि चष्मा घालवायचं तर फारच वेगळं. शेजारणीने ‘मीपण लेझर केलं’ म्हटलं तर कोणतं ते विचारा. एसएलटीमध्ये जाळीवर चहूबाजूंनी सुमारे शंभर ठिपके दिले जातात. जाळीला भोक पडत नाही, तिच्यातल्या पेशी जाग्या होऊन साफसफाईला लागतात. बधिर करायचा थेंब, डोळ्यावर जेल लावलेली भिंग, स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून पाच-दहा मिनिटं, टिकटिक आवाज आणि हिरवे चमकारे. तासाभराने प्रेशर पुन्हा मोजतात, कारण काहींचं तेवढ्यापुरतं चढतं. हे न मोजता घरी पाठवत असतील तर आपण होऊन थांबा. दोन-तीन दिवस डोळा ठणकल्यासारखा आणि किंचित धूसर. शिलाई मशीनवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसायला हरकत नसते.

परिणाम लगेच दिसत नाही, चार ते सहा आठवडे लागतात. इथेच लोक फसतात. लेझर झालं म्हणून त्याच रात्रीपासून थेंब सोडतात, आणि महिन्याने प्रेशर तिथेच दिसलं की लेझरला नावं ठेवतात. थेंब कधी कमी करायचे ते सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर ठरतं. ब्रिटनमधल्या सहा रुग्णालयांत ७१८ जणांवर झालेला ‘लाइट’ हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्यापासून एसएलटी केलेल्यांपैकी ७४ टक्के तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय टार्गेटवर होते, आणि सहा वर्षांनी जवळपास ७० टक्के. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०२२ पासून नव्या रुग्णाला थेंबांच्या आधी हेच लेझर सुचवलेलं आहे. तुमचं गणित थोडं वेगळं आहे. तुम्ही आधीच थेंबांवर आहात, म्हणून बाटलीतून पूर्ण सुटका होईलच असं मी म्हणणार नाही. पण टिमोलॉलने जे काम होणार होतं ते लेझरने आणि रात्रीचा एक थेंब राहिला, तर दम्याला धक्का नाही आणि चुकलेल्या एखाद्या रात्रीचंही भय कमी. काही वर्षांत परिणाम ओसरतो, पुन्हा करता येतं. काहींना मात्र उपयोग होतच नाही, तेही सहा आठवड्यांत कळतं आणि त्याने पुढचं ऑपरेशन अडत नाही.

ऑपरेशनबद्दल ‘एकदाच काय ते’ ही समजूत सोडावी लागेल. ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणजे जुनी मोरी सोडून भिंतीला नवी वाट पाडणं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप उचलून आतून भोक करतात, झडप सैलसर टाके घालून बसवतात, आणि पाणी वरच्या पापणीखाली एका छोट्या फुगवट्यात साचून मुरतं. शरीराला मात्र ही जखम वाटते आणि ते ती भरून काढायला बघतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन लावतात आणि पुढे दोन-तीन महिने स्टिरॉइडचे थेंब घालायचे असतात. खरं काम पहिल्या सहा आठवड्यांत असतं. वाट फार मोकळी झाली तर प्रेशर पाचच्या खाली जाऊन डोळा मऊ पडतो, बुजली तर पुन्हा वर चढतं. टाके लेझरने सोडायचे, फुगवट्यात सुई फिरवायची, अशी दर आठवड्याची हजेरी. कोपरखैरण्याहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलने कोण बरोबर येणार, हे आधी ठरवा. महिनाभर डोक्यावरून पाणी नाही, हंडा-बादली नाही, खाली वाकून कापड बेतणं नाही, नजर धूसर. लग्नसराईच्या ऑर्डरी हातात असताना तर नकोच. मोतीबिंदू लवकर पिकतो, काहींना पुढे पुन्हा थेंब लागतात, आणि त्या डोळ्याला जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. असं ऑपरेशन झालेल्या कोणाचाही डोळा लाल झाला, दुखला, चिकटायला लागला तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही.

एवढं ऐकून ऑपरेशन वाईट असं समजू नका. थेंब आणि लेझर होऊनही टार्गेट गाठता येत नसेल, किंवा फील्ड टेस्ट ढासळत असेल, तर तेच डोळा वाचवतं आणि तेव्हा टाळणं महागात पडतं. तेही फसलं तर नळी बसवण्याचा मार्ग आहे, आणि मदुराईत बनणाऱ्या नळीमुळे तो पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. जे.जे., केईएम, सायनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही काचबिंदूची ऑपरेशनं होतात. पण तुम्ही अजून त्या पायरीवर नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांचं मोतीबिंदूचं म्हणणं मात्र मोडीत काढू नका, फक्त वेळ चुकते आहे. ज्या डोळ्याने बारीक सुई ओवता येते त्या डोळ्याचा मोतीबिंदू घाईचा नाही. पुढे तो शिवणकामाला अडवू लागला की त्याच वेळी आतून जाळी उघडायची किंवा तिच्यात सूक्ष्म स्टेंट बसवायची सोय आहे. वरच्या पापणीखाली फुगवटा नाही, पथ्यं कमी. प्रेशर ट्रॅबेक्युलेक्टॉमीइतकं खाली जात नाही, पण सौम्य-मध्यम काचबिंदूला पुष्कळदा पुरतं. एकदाच मिळणारी ही संधी आज घाईने खर्चू नये, असं मला वाटतं.

दोन डॉक्टरांमध्ये फिरताना एक नुकसान होतं. तुमची एक फील्ड टेस्ट वाशीच्या यंत्रावर, दुसरी ठाण्याच्या वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर. या दोन कागदांची तुलनाच होत नाही, आणि आजार वाढतोय की थांबलाय हे तर तुलनेवरच कळतं. दुसरं मत जरूर घ्या, पण टेस्ट एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर. पहिली टेस्ट जवळजवळ सगळ्यांचीच वाईट येते, म्हणून सुरुवातीच्या वर्षात दोन-तीन करून पाया ठरवतात. जेवून, झोप काढून जा, पापण्या मिटत राहा. निम्मे दिवे दिसणारच नाहीत, यंत्र मुद्दाम तेवढे मंद करतं, तेव्हा घाबरून उगाच बटण दाबू नका.

भावाचं. ऑपरेशनने नजर गेली की ऑपरेशनला पोचेपर्यंत जवळजवळ गेलेलीच होती? गावाकडून लोक बहुधा नजर जवळजवळ गेल्यावरच येतात, आणि ऑपरेशनने ती परत येत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अगदी शेवटच्या टप्प्यातल्या डोळ्यात उरलेली नजर ऑपरेशननंतर अचानक जाणंही क्वचित घडतं. जंतुसंसर्गही झालेला असू शकतो. कागद मिळवून डॉक्टरांना दाखवा. भावाच्या अनुभवाने ऑपरेशनची भीती बसली, पण त्यातून एक गोष्ट निसटली: सख्ख्या भावंडाला काचबिंदू असणं हा तुमच्यासाठी कित्येक पटींनी जास्त धोका होता, आणि आता तुमच्या मुलांसाठी तो आहे.

घरातल्या सवयींपैकी दोनच बदला. पहाटे उठून एका दमात तांब्याभर पाणी पिता, ते घोट घोट करून अर्ध्या तासात प्या. एकदम लिटरभर पाण्याने प्रेशर काही आकड्यांनी चढतं, ही तर काचबिंदूची एक जुनी तपासणीच आहे. आणि योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासन नको. शीर्षासनात प्रेशर दुप्पट होतं. चालणं उत्तम. शिवणकाम, टीव्ही, मोबाइल यांनी काचबिंदू वाढत नाही, काम बंद करू नका. डोळ्यात मध, गुलाबपाणी, त्रिफळ्याचं पाणी असलं काही घालायचं नाही. प्रेशर उतरत नाही आणि संसर्ग मात्र होतो.

मुलाचं वय तुम्ही ३८ लिहिलंय. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर घेऊन जा आणि त्याचंही प्रेशर, पडद्याची जाडी आणि नस तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब दोघांनाही घालतील आणि चार-पाच तास उजेड सोसवणार नाही, म्हणून त्याला म्हणावं, त्या दिवशी बाइक घरीच ठेव.